पायली आणि मण यांच्यामधली रेघ

बाबाला शून्य ते दहा या आकड्यांत दुखणं सांगता येईना, तिथून हे सुरू झालं.

रोशनीताई पहिल्यांदा आमच्या घरी आली तो नोव्हेंबरमधला सोमवार होता. बरे होण्यापलीकडे गेलेल्या आजाऱ्यांना घरी येऊन बघणारी एक संस्था आहे, तिची ती नर्स. मूळची कसाऱ्याची. शेणव्याच्या पुढे आमच्या गावापर्यंत ती स्कूटरवर एकटी आली. बाबाचा प्रोस्टेटचा कॅन्सर तोपर्यंत मणक्यात आणि कमरेच्या हाडांत उतरला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी बाबासमोरच सांगितलं होतं की आता आजारावर औषध नाही, दुखणं तेवढं सांभाळा. दुखणं सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते सांगायला ती आली होती.

तिने बॅगेतून चेहऱ्यांचा तक्ता काढला. एका टोकाला हसरं तोंड, दुसऱ्या टोकाला रडकं.

"महिपतकाका, हे हसतंय त्याला काहीच दुखत नाही. हे रडतंय त्याला सहन होत नाही. तुमचं आज कुठलं?"

बाबाने तक्ता हातभर लांब धरला. "हा तिसरा आमच्या तलाठ्यासारखा दिसतो."

"तलाठ्याचं राहू द्या. तुमचं सांगा."

"माजं तोंड असं गोल कवा व्हतं?"

"बरं, आकड्यात सांगा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त."

"शून्य असतं तर मी खाटंवर कशाला पडलो असतो? नि दहा म्हंजे किती? कशाचे दहा?"

प्रश्न बरोबर होता. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आहे आणि मुरबाडला एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे एकक न लिहिता आकडा लिहिला तर कागद परत येतो. बाबा चौथीपर्यंत शिकलेला होता, पण आयुष्यभर भात मोजलेला माणूस होता. मी वहीचं पान काढलं आणि भाताची मापं खालून वर, लहानापासून मोठ्यापर्यंत लिहिली: शेर, अधोली, पायली, मण, खंडी.

"बाबा, दुखणं भातासारखं मोज. आज किती आहे?"

त्याने थोडा विचार केला. खरोखर मोजल्यासारखा. "अधोली. उठताना पायली."

रोशनीताई हसली. "हे मी पुढच्या गावात वापरणार. भाविका, तुझं नाव सांगू ना?"

"नको, माजं सांगा," बाबा म्हणाला. "भात माजा."

तिने मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या होत्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्रीच्या वेळेला दुप्पट, म्हणजे मध्ये उठवावं लागत नाही. सोबत पोट साफ होण्याची गोळी, ती चुकवायची नाही. मध्येच कळ आली तर जादाची एक गोळी. आई, म्हणजे सुंदरा, दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, याची सवय लागंल काय त्यांना? रोशनीताईने तिला खाली बसवलं आणि सांगितलं की जो दुखण्यासाठी घेतो त्याला दारूसारखी ओढ लागत नाही, आणि तिची भीती बाजूला ठेवून वेळेवर द्यायची. आईने मान डोलावली. मग रोशनीताई शेवटचं सांगायला माझ्याकडे वळली.

"दुखणं पायलीच्या वर गेलं, मणाला पोचलं, की लगेच मला फोन कर. आपण गोळी वाढवू. बहुतेकदा तेवढ्याने होतं. वाढवूनही आटोक्यात आलं नाही तर दोन दिवस दवाखान्यात ठेवू, डोस बसवू आणि घरी परत आणू."

मी ते वहीत लिहिलं. प्रयोगशाळेत मर्यादा कशी लिहितात तसं. पायली आणि मण यांच्यामध्ये तांबड्या पेनाने पट्टी धरून रेघ मारली. रेघेच्या वर लिहिलं: फोन, दवाखाना. मधली दोन वाक्यं लिहिली नाहीत, कारण ती मला पाठ होती. रोशनीताई गेल्यावर पान बाबाला वाचून दाखवलं. आजाऱ्याला सगळं माहीत असावं असं मला वाटत होतं.

"म्हंजे मण झालं की दवाखाना," बाबा म्हणाला.

"हो. पण तेवढं होणारच नाही."

त्याने त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. त्याच्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण त्याने आजारपणात आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मला घरातून न्या.

आमच्याकडे बाहेर मेलेल्या माणसाला घरात घेत नाहीत. अंगणात उतरवतात, तिथेच अंघोळ घालतात, तिथूनच नेतात. माझा धाकटा काका लडकू तीन वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका दवाखान्यात अकरा दिवस राहून गेला. नाकात नळी, हाताला सुया, आणि घरच्यांना भेटायला दिवसातून एकदा पंधरा मिनिटं. रुग्णवाहिका आली तेव्हा काकी दारातून पुढे आली आणि त्याला आत न्या म्हणून हट्टाला बसली. जाणत्यांनी नेऊ दिलं नाही. ज्या घराच्या भिंती त्याने स्वतः बांधल्या त्या घराच्या बाहेर तो पडून राहिला, आणि डोक्यावर ऊन आलं तेव्हा बाबाने स्वतःच्या अंगावरचा सदरा काढून त्याच्या तोंडावर धरला. बाबा त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. फक्त स्वतःचा आजार कळल्यावर एवढंच म्हणाला, मला घरातून न्या.

मी दोन महिन्यांची रजा घेतली आणि वही चालवू लागले. वेळ, गोळी, झोप, पोट, दुखणं. दिवसातून पाच नोंदी. शेर, अधोली, अधोली, शेर, पायली. आठवड्याला मी त्याचा आलेख काढायची. पहिल्या चार दिवसांत रेघ खाली आली आणि मग अधोलीच्या आसपास सपाट झाली. इतका स्वच्छ आलेख मला प्रयोगशाळेतही क्वचित मिळतो. मी तो फोटो काढून रोशनीताईला पाठवला. तिने अंगठा पाठवला. दुसऱ्या भेटीला ती आली तेव्हा बाबा उशीला टेकून ताठ बसला होता आणि तिने विचारायच्या आत म्हणाला, "शेर. फार तर शेर नि मूठभर."

जादाची गोळी त्याने एकदाही मागितली नाही.

आई माझ्या वहीकडे बघायची नाही. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "त्यांना दुखतंय गो."

"आई, सकाळी शेर होतं. आत्ता अधोली आहे."

"ते तुला सांगतात. तू इचारतेस, ते सांगतात. मी काय इचारत नाय, मी बघते."

"काय बघतेस?"

"शेजारच्या कोंडूचा रेडा अंगणात आला काल. त्याला शिव्या नाय घातल्या."

मी हसले. आई हसली नाही. "तीस वर्षं झाली माज्या लग्नाला. त्या रेड्याला नि त्याच्या बापाला शिव्या घातल्याबिगर हा माणूस ऱ्हायला नाय. आता डोळे मिटून पडतात. डावीकडं वळत पन नायत. तुज्या वहीत डावीकडं नि उजवीकडं लिवायला जागा हाय काय?"

जागा नव्हती. मी ते ऐकलं, आणि एका माणसाचं मत शंभरेक नोंदींपुढे किती धरायचं, असा विचार केला. मी खरोखर असा विचार केला.

त्या रविवारी हरेश आला. माझा मोठा भाऊ. भिवंडीला गोदामात सुपरवायझर आहे, तिकडेच राहतो. बाबाने त्याला बघून हात वर केला, पोरांची चौकशी केली, गोदामातल्या मुकादमावरून दोन टोमणे मारले. हरेश बाहेर ओटीवर, खिडकीपाशी येऊन माझ्याशी भांडला.

"जेवत नाय, उठत नाय, नि तू वही घेऊन बसलीस. डोंबिवलीला डॉक्टर ओळखीचा हाय माज्या. उद्या गाडी घिऊन येतो नि नेतो."

"तिथे नेऊन काय करणार?"

"सलाईन तरी लावतील. इथं काय लावतंय? सायन्स शिकलीस म्हणून बापाला घरात मारनार काय?"

"तो म्हणतोय घरातच राहणार."

"तो काय म्हणतो? त्याला काय कळतंय?"

"हळू बोल."

"गावात लोक मला इचारतात, हरेश, बापाला दवाखाना दाखवला नाय काय रे? काय सांगू? बहीन पायलीनं मोजते?"

आमच्या घराची भिंत कुडाची नाही, विटांची आहे, पण खिडकीला झडप नाही. बाबाने सगळं ऐकलं असणार. त्या संध्याकाळी सहाच्या गोळीला मी दुखणं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिव, शेर." मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला मागच्या दारी बोलावलं. दोरीवर धुणं वाळत होतं. तिने त्यातून बाबाचे तीन पंचे काढले आणि माझ्या हातात दिले.

मी पहिला पंचा उन्हात धरला. एका कोपऱ्यात वीतभर कापड विरलं होतं आणि त्यात भोकं होती. भोकं एका ओळीत नव्हती, कमानीत होती. बाहेर मोठी, आत लहान. कापड दुमडून धरलं की वरची भोकं खालच्या भोकांवर बसत होती. दुसऱ्या पंच्याचं तसंच. तिसऱ्याच्या कोपऱ्यावर आईने ठिगळ लावलं होतं आणि ठिगळही फाटलं होतं.

"दाताचं हाय," आई म्हणाली. "तू गोळी देऊन भाईर गेलीस की तोंडात धरतात. मी आत आले की काढतात. मी पाठ करून उभी ऱ्हाते, म्हंजे त्यांना काढायला नको."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तू आकडा दाखवलास."

मी पंचे घेऊन आत गेले. बाबा जागा होता. खाटेशेजारी बसले आणि पंचे त्याच्या छातीवर ठेवले. त्याने ते बघितले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उजवीकडे.

"बाबा, किती आहे?"

"अधोली."

"वही नाही आणली. नुसतं सांग."

"वही काय नि बिनवही काय. मण म्हटलं की नेनार. तूच वाचून दाखवलंस. तांबडी रेघ मारलीस, पट्टी धरून." तो थांबून थांबून बोलत होता, प्रत्येक श्वासाला वाट करून देत. "हरेस तर गाडीच घिऊन येतो म्हणतोय. मी लडकूला बघितलंय गो. मी भाईर नाय पडनार. दुखू दे. इथं दुखू दे."

मी पंचे उचलून बाजूला ठेवले. मग मी सांगितलं की ती रेघ चुकीची आहे. रोशनीताईने आधी गोळी वाढवायची म्हणून सांगितलं होतं, दवाखाना अगदी शेवटी, आणि तोही दोन दिवसांसाठी. ते मी लिहिलं नाही. माझ्या लक्षात होतं म्हणून लिहिलं नाही. त्याने डोळे माझ्याकडे वळवले.

"आनि दोन दिवसांत तिथंच गेलो तर?"

याला माझ्याकडे आकडा नव्हता. "मग नाहीच नेणार," मी म्हटलं. "किती पण दुखलं तरी नाही. इथेच करू जे करायचं ते. हरेशला मी बघते."

"शपथ घे."

मी शाळेत असल्यापासून शपथा घेत नाही. आईच्या गळ्याला हात लावून घेतली. आई दारात उभी होती, तिने मान पुढे केली.

बाबाने डोळे मिटले. मग म्हणाला, "खंडी."

"कधीपासून?"

"तुजी वही चालू झाल्यापासून. पैले दोन-चार दिवस जरा बरं व्हतं."

रोशनीताईला फोन केला तेव्हा ती मुरबाडच्या बाजूला दुसऱ्या एका घरी होती. तिने फोनवरच जादाची गोळी द्यायला सांगितली, तासाभराने परत विचारायला सांगितलं, आणि दोन तासांत स्वतः आली. तिने बाबाचं पाठीचं कातडं बघितलं, पाय उचलून बघितले, डावीकडे अगदी थोडं वळवून बघितलं. तेव्हा त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो मी बावीस दिवसांत ऐकला नव्हता. तो त्याने आता पहिल्यांदा येऊ दिला होता.

बाहेर ओटीवर तिने वही मागितली. ते पान बघितलं. मी म्हटलं, "मी तुमचं वाक्य कापलं."

"हो," ती म्हणाली. तिने मला दोषातून सोडवलं नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं. मग म्हणाली, "मी पण त्यांना ताठ बसलेलं बघून गेले. हाडात आजार उतरलेला माणूस इतका ताठ बसत नाही. मी आलेख बघत होते."

तिने डॉक्टरांशी बोलून डोस दीडपट केला, सूज उतरवायची गोळी जोडली, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन आणखी वाढवला. जाताना आईला आणि मला समोर बसवून सांगितलं. आता ते जास्त झोपतील. काही झोप गोळीची असेल, काही साठलेली असेल, आणि काही आजाराची. खाणं कमी होईल. भूक नसताना भरवू नका, ओठ ओले ठेवा. उपाशी म्हणून जाणार नाहीत, जाणार आहेत म्हणून जेवण थांबेल. आईने हे शेवटचं वाक्य परत सांगायला लावलं. हरेशलाही तिनेच फोन लावला आणि वीस मिनिटं बोलली. तो गाडी घेऊन आला नाही.

दोन दिवस बाबा आम्हाला परत मिळाला. गोळी बसली होती आणि झोप अजून चढली नव्हती. तिसऱ्या प्रहरी शेजारचा रेडा वालाच्या वाफ्याकडे वळला तेव्हा आतून आवाज आला, "कोंडूच्या  रेड्या, तुजा बाप पन असाच चोर व्हता." आई चुलीपुढे बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मी बघायला गेले नाही.

त्या दोन दिवसांत तो कोणाला काय द्यायचं, कुठला बांध कुणाचा, असलं काही बोलला नाही. ती सगळी व्यवस्था त्याने आधीच केली होती. तो मला लहानपणीचं सांगत राहिला, तेही अर्धवट. तानशाच्या जंगलात वाट चुकून एका ठाकराच्या घरी राहिला होता, तिथे खाल्लेल्या कंदाची चव त्याला अजून सांगता येत नव्हती. "गोड नाय, तुरट नाय," तो म्हणत राहिला, "तू शिकलीस ना, काय म्हंतात त्याला?" मला माहीत नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. हे बावीस दिवस आधी झालं असतं तर आम्हाला किती गोष्टी बोलता आल्या असत्या, याचा हिशोब मी त्याच्या खाटेशेजारी बसून केला आणि मग थांबवला, कारण तो माझ्याकडे बघत होता.

"रडू नको गो," तो म्हणाला. "तू लिवलंस, मी खोटं बोललो. दोघांनी केलं."

तिसऱ्या दिवसापासून तो झोपू लागला. आईने आणि मी मिळून त्याला डावीकडे वळवलं, ओल्या फडक्याने पाठ पुसली, खोबरेल लावलं. तो उठला नाही, कण्हलाही नाही. मी सवयीने त्याच्या कानाशी वाकले. आईने माझा हात धरला. "आता नको इचारू," ती म्हणाली. "कपाळ बघ. आठी नाय." मी कपाळ बघितलं. त्यानंतर मी तेच बघत राहिले, भुवया, ओठांचे कोपरे, बोटं मुठीत वळलेली आहेत की मोकळी. गोळी गिळता येईना तेव्हा रोशनीताईने ती पाण्यात विरघळवून गालाच्या आत थेंब थेंब सोडायला शिकवलं. आई ते माझ्यापेक्षा चांगलं करायची.

नवव्या दिवशी सकाळी साडेदहाला, आई त्याचे पाय चोळत असताना, त्याचा श्वास लांबला, थांबला, पुन्हा एकदा आला आणि मग आला नाही. माजघरात. खाटेवरून उतरवून त्याला जमिनीवर घेतलं. अंघोळ घातली ती आतच, आणि चौघांनी त्याला उचललं ते आतूनच.

तेराव्याच्या आदल्या दिवशी हरेश आणि मी ओटीवर बसलो होतो. त्याने डोकं केलं होतं आणि वाढू लागलेल्या खुंटांवरून तो सारखा हात फिरवत होता. आत आत्या आणि शेजारणी जेवणाची तयारी करत होत्या.

"शेवटी त्याला दुखलं काय गो?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"शेवटचे नऊ दिवस नाही."

त्याने मान हलवली. त्याला तेवढं पुरणार होतं. ते घेऊन तो भिवंडीला परत जाऊ शकला असता, आणि ते खोटंही नव्हतं.

"त्याआधी दुखलं," मी म्हटलं. "बावीस दिवस. खूप. मी दवाखान्याची अट अर्धीच लिहिली, म्हणून तो नेतील या भीतीने सांगत नव्हता. पंचा चावायचा."

हरेशचा हात डोक्यावरच थांबला.

"मी आलो तवा?"

"हो."

"तवा तर मुकादमाची थट्टा करत व्हता."

"हो."

मला वाटलं तो मला बोलेल. बोलावं असंही वाटलं. पण तो म्हणाला, "गाडी आनतो ते मी याच खिडकीपाशी उभा ऱ्हाऊन बोललो व्हतो," आणि झडप नसलेल्या त्या खिडकीकडे वळून बघितलं.

आतून आईने जेवायला हाक मारली. नंतर पुन्हा मारली. हरेश उठला नाही, मीही उठले नाही.